ओहोटीची वेळ कुणी चुकवत नाही: घरच्या दिवसाचा हिशोब लावताना

आमच्या वाडीच्या खाली खाडी आहे. ओहोटी लागली की चार-पाच जणी कालवं काढायला उतरतात. इतक्या वर्षांत त्यांतली एकही उशिरा पोचलेली मी पाहिलेली नाही. चुलीवर भात असो, घरात कुणी आजारी असो, त्याची काहीतरी सोय लावून त्या वेळेला खडकांवर हजर असतात. खडक उघडे असतात तेवढाच वेळ कालवं मिळतात, मग पाणी चढतं आणि काम उद्यावर जातं. याच घरांत मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महिनाभर कपाटावर पडून असतो. माझ्या घरीही पडून होता.

म्हणून कोकणातल्या माणसाला वेळेची किंमत नाही, हे बोलणं मला पटत नाही. ज्या कामाला ओहोटी आहे ते काम आपण चुकवत नाही. बाकीच्या कामांना बांध नसतो, म्हणून ती दिवसभर पसरतात. त्यांना बांध कसा घालायचा, ते इथे सांगते. मी देवगड तालुक्यात राहते. घरी आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आंबापोळी करून विकते. शिवाय हापूसची कलमं, सासूबाई, दोन मुलं आणि मे महिन्यात मुंबईहून येणारं सगळं गोत. जे सांगते ते गेली चार वर्षं करून पाहिलेलं आहे.

सुरुवात एका नुकसानीने झाली. मे महिना संपत आला होता. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून साली रसात बुडवून अंगणात वाळत घातल्या होत्या. आमसुलाला असं रसाचं पुट पुन्हा पुन्हा द्यावं लागतं आणि मध्ये कडक ऊन लागतं. त्याच आठवड्यात एका कागदासाठी मी तीनदा तालुक्याला गेले. पहिल्या दिवशी एक झेरॉक्स कमी होती. दुसऱ्या दिवशी सही करणारे साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्या दिवशी काम पंधरा मिनिटांत झालं. घरी आले तर वळवाचा पाऊस पडून गेलेला. सासूबाईंनी एकटीने साली पडवीत ओढल्या होत्या, ओल्याच, एकावर एक. दोन दिवसांत त्यांना वास आला आणि वर पांढरी बुरशी धरली. ती सगळी टोपली माडाच्या आळ्यात ओतताना मी हिशोब केला. घरून निघणं, एसटीची वाट, रांग, परतीची एसटी: एका फेरीला पाच तास. तीन फेऱ्यांचे पंधरा तास, पंधरा मिनिटांच्या कामासाठी.

आधी सात दिवस फक्त लिहा

कुठलीही सवय सोडण्याआधी आपला वेळ नक्की कुठे जातो ते बघा. अंदाजावर जाऊ नका, अंदाज चुकतो. मला वाटायचं माझा सगळा वेळ मोबाइल खातो. तो खात होताच, पण पहिल्या नंबरावर तो नव्हता.

साधी शंभर पानी वही घ्या. पान उभं दुमडा. डावीकडे वेळ, उजवीकडे काय केलं ते. काम बदललं की त्याच क्षणी एक ओळ लिहायची. रात्री आठवून लिहिलंत तर फक्त मोठी कामं आठवतील आणि नेमका वाया गेलेला वेळ गळून पडेल. वही स्वयंपाकघराच्या दाराला सुतळीने बांधून ठेवा, पेनासकट. प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर टाका: का म्हणजे काम, फे म्हणजे फेरी, वा म्हणजे वाट बघणं, मो म्हणजे मोबाइल, ग म्हणजे गप्पा, वि म्हणजे विश्रांती. माझ्या पहिल्या वहीतलं एक पान असं आहे:

६.१० चूल, चहा, डबे – का
७.०० नळाची वाट, मध्ये मोबाइल – वा, मो
७.३५ पाणी भरलं – का
८.१५ दुकानात, साखर – फे
९.०५ पुन्हा दुकानात, बाटल्यांची बुचं – फे
९.४० आगळ गाळायला बसले – का
९.५० फोन, मग मोबाइल – मो
१०.३० आगळ – का

याच पानावर सगळं कळतं. साखर आणि बुचं एकाच फेरीत आली असती. आगळ गाळायला बसून दहा मिनिटांत उठले, कारण फोन वाजला. आणि तो फोन तीन मिनिटांचा होता.

सात दिवस काही सुधारायला जाऊ नका, नुसतं लिहा. लग्नाचा, जत्रेचा, गणपतीचा आठवडा त्यासाठी निवडू नका. आठव्या दिवशी अक्षरांप्रमाणे बेरीज करा. माझ्याकडे फे आणि वा मिळून मोबाइलपेक्षा जास्त तास निघाले. तुमच्याकडे वेगळं निघेल. जे अक्षर सगळ्यात जड, तिथूनच सुरुवात करायची, आणि एका वेळी एकच अक्षर धरायचं.

दिवसाचे खुंटे

शहरातली माणसं सकाळी ९ ते १० अमुक, १० ते ११ तमुक असे रकाने आखतात. वाडीवर ते टिकत नाही. आपला दिवस घड्याळापेक्षा काही ठरलेल्या गोष्टींना बांधलेला असतो: नळाला पाणी येण्याची वेळ, सकाळची एसटी, शाळा सुटणं, मासे घेऊन येणारीची हाक, दिवेलागण. यांना मी खुंटे म्हणते. आधी कागदावर तुमचे खुंटे लिहा. पाच-सहाच असतात. मग दोन खुंट्यांमधली मोकळी जागा किती ते मोजा. माझी सगळ्यात मोठी जागा मुलं शाळेत गेल्यापासून बारापर्यंतची आहे. डोकं लागणारं किंवा हात अडकणारं काम फक्त तिथेच बसवते. झाडलोट, भाजी निवडणं, बाटल्या धुणं यांना ती जागा द्यायची नाही. ती कामं नळाची वाट बघतानाही होतात.

खाडीशी ज्यांचं काम आहे त्यांना भरतीचा खुंटा रोज सरकताना दिसतो, साधारण पाऊण तास ते तासभर पुढे. आमच्याकडे तिथीवरून तो काढायची जुनी रीत आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पंचमीला पावणेचार. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. हा हिशोब ढोबळ आहे, वेळ थोडी मागेपुढे होते. होडी काढणाऱ्याने छापील तक्ताच बघावा. पण परवा सकाळी खाडीवर जायचं की बँकेत, हे ठरवायला एवढं पुरतं.

ज्या कामाला खुंटा नाही त्याला तुम्ही स्वतः खुंटा द्या. "सोमवारी बघूया" हा खुंटा नव्हे. "सोमवारी, मुलं गेल्यावर, नळ यायच्या आधी, ओटीवर" असं लिहिलंत तर ते काम होतं. कपाटावरचा आमचा शिष्यवृत्तीचा अर्ज अशी ओळ लिहिल्यावर एका बैठकीत भरून झाला.

फेऱ्यांची आगोट करा

पाऊस सुरू व्हायच्या आत आपण आगोटीची खरेदी करतो. तांदूळ, मीठ, मिरची, सुकं बांगडं, सुकट, फाटी (जळणाची लाकडं), सगळं एकदाच भरून ठेवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, रस्ते खचतात, म्हणून ही बेगमी. आपल्या आज्यांनी शेकडो फेऱ्या अशाच वाचवल्या. तीच रीत वर्षभर, आठवड्याच्या हिशोबाने चालवा.

दाराच्या मागे एक कागद चिकटवा. काहीही संपत आलं की तिथे लिहायचं, घरातल्या प्रत्येकाने. संपल्यावर नाही, संपत आल्यावर. दुकानात आठवड्यातून दोनदाच जायचं आणि कागद फाडून सोबत न्यायचा. पहिले पंधरा दिवस घरात कटकट होते, कारण मधेच कुणाला तरी शेंगदाणे आठवतात. तेव्हा ठाम राहा. शेंगदाणे नसले तर कोशिंबिरीत खोबरं घाला.

तालुक्याची फेरी महाग, तिच्यासाठी जास्त तयारी. मी एक प्लॅस्टिकची फाईल कायम तयार ठेवते: आधार, रेशनकार्ड, पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, आठ-अ, वीजबिल, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, चार फोटो, निळं पेन, डिंक. फेरीवरून आल्या आल्या जी झेरॉक्स कमी झाली ती कागदावर लिहायची. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून दोन प्रश्न विचारायचे: सही करणारे उद्या आहेत का, आणि कुठले कागद लागतील. फोन लागत नसेल तर काल तिथे जाऊन आलेलं वाडीतलं कुणीतरी असतंच. त्यांना विचारायचं.

तालुक्याला न जाता होणारी कामं बरीच आहेत, ती आधी वेगळी काढा. वीजबिल फोनवरून भरता येतं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून घरबसल्या निघतो. स्वतःला जमत नसेल तर नववी-दहावीतल्या मुलाला शेजारी बसवून एकदा करा, दुसऱ्यांदा स्वतः करा. कचेरीत अर्ज दिलाच तर पोच घेतल्याशिवाय उठू नका. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित केलेल्या सेवांना किती दिवसांत काम व्हायला हवं ते ठरवून दिलेलं असतं. पोच हातात असली आणि मुदतीची तारीख वहीत असली की "झालं का" विचारायला उगाच फेरी पडत नाही. मुदत टळली तर अपील करता येतं.

मुंबईहून येणाऱ्या घरच्यांसाठी एक: रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. चतुर्थीच्या आदल्या तारखांपासून साठ दिवस मागे मोजून ती तारीख आत्ताच दिनदर्शिकेवर लिहा. त्या सकाळी दहा मिनिटं दिलीत तर पुढचे आठ दिवसांचे फोन आणि ओळखी काढणं वाचतं.

सड्यावरची रेंज

आमच्या वाडीत टॉवर यायच्या आधी फोनला रेंज फक्त वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या माळावर मिळायची. संध्याकाळी चारच्या सुमाराला आम्ही वर चढायचो. कुणाकुणाला फोन करायचे ते चिठ्ठीवर लिहून न्यायचो, कारण परत चढणं नको असायचं. कातळावर बसून, वारा लागणार नाही अशा बाजूला तोंड करून, पाच फोन व्हायचे. अर्ध्या तासात खाली. दिवसाचं सगळं बोलणं त्या अर्ध्या तासात मावायचं आणि कुणाचं काही अडलं नाही.

मग टॉवर आला, सोय झाली. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर गाडी बोलावता येते, याची किंमत मला ठाऊक आहे. पण त्याच दिवसापासून तो अर्धा तास दिवसभर सांडला. मोबाइल सोडा असं मी म्हणत नाही. मी एवढंच केलं की घरात पुन्हा एक सडा तयार केला.

ओटीवरच्या खिडकीत एक फळी ठोकली. मोबाइल तिथे राहतो, चार्जरसकट. स्वयंपाकघरात नाही, उशाशी नाही, कामाच्या पाटाजवळ नाही. घंटी मोठी ठेवलेली असते, म्हणजे खरा फोन आला तर ऐकू येतो. बघायचा तो तिथे उभं राहून. उभ्याने माणूस किती वेळ चित्रफिती बघणार? पाय सांगतात. शेजारी चिठ्ठी आणि पेन आहे. दिवसभरात "हिला विचारायचं, त्याला कळवायचं" असं जे सुचेल ते चिठ्ठीवर, आणि दुपारी तीनला सगळे फोन एकदम.

आता फोनच्या आतली व्यवस्था. सेटिंग्जमध्ये अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनवर स्क्रीन टाइम असतं. त्यात कुठल्या ॲपवर रोज किती वेळ गेला ते दिसतं आणि एकेका ॲपला मर्यादाही घालता येते. जिथे सगळ्यात जास्त वेळ जातो त्या एकाच ॲपला आजच्या निम्मी मर्यादा घाला. एकदम दहा मिनिटांवर आणलंत तर तिसऱ्या दिवशी मर्यादा काढून टाकाल. व्हॉट्सॲपवर गट गप्प करताना ८ तास, १ आठवडा आणि नेहमी असे पर्याय येतात. वाडीचा पाणीपुरवठ्याचा गट आणि शाळेचा गट सोडून बाकी सगळे "नेहमी"वर टाका आणि अर्काइव्ह करा. गट सोडावा लागत नाही, कुणाला वाईट वाटत नाही, आणि शुभ सकाळची फुलं तुम्ही बघाल तेव्हाच दिसतात.

माझ्यासारखं कुणी घरून माल विकत असेल किंवा पर्यटकांना खोल्या देत असेल तर "गिऱ्हाईक जाईल" ही भीती खरी असते. मलाही होती. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपण जागेवर नसताना आपोआप जाणारा निरोप लिहून ठेवता येतो. माझा असा आहे: "नमस्कार. निरोप मिळाला. दुपारी तीन ते साडेतीन आणि रात्री आठ ते साडेआठ उत्तर देते. तातडीचं असेल तर फोन करा." आमसुलं मागवणारा माणूस तेवढा थांबतो. दरपत्रक, पाठवणीचा खर्च, पैसे कुठे भरायचे ही तीच तीच उत्तरं एकदा लिहून साठवून ठेवा, म्हणजे दर वेळी टाइप करायला नकोत.

घटकाभर बसा

टाळलेलं काम असतं: हिशोबाची वही, बँकेचा अर्ज, पावत्या लावणं. तिथे वेळ बसण्यात जात नाही, बसायच्या आधीच्या घिरट्यांत जातो. त्याला आपल्याकडे जुनं माप आहे, घटका. दिवसरात्रीच्या साठ घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. पूर्वी पाण्यावर घटिकापात्र सोडायचे. बुडाला बारीक भोक पडलेली ती वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. हल्ली पंचवीस मिनिटांचा गजर लावून काम करायची जी पद्धत सांगतात, ती जवळपास एवढ्याच लांबीची आहे.

गजर २४ मिनिटांचा लावा. मोबाइल फळीवरच ठेवून लावा. गजर होईपर्यंत जागेवरून उठायचं नाही, एवढी एकच अट. काम पूर्ण व्हायलाच हवं असं नाही. गजर झाला की जिथे थांबलात तिथे पुढची पायरी एका ओळीत लिहा, "पुढे: मार्चच्या पावत्या", आणि खुशाल उठा. ही ओळ विसरू नका. अर्धवट कामाकडे परत आल्यावर "कुठे होतो आपण" हे शोधण्यातच पुढची घटका निम्मी जाते. माझा वर्षाचा हिशोब पूर्वी मार्चच्या शेवटी तीन रात्री जागून व्हायचा. आता दर शनिवारी एका घटकेत होतो.

गजालींना हात लावू नका

वेळ वाचवायचा म्हणून माणसं तोडायची असतील तर तो वेळ घेऊन करायचं काय? माझ्या वहीतलं "ग" हे अक्षर, म्हणजे गजाली, गप्पा, मी कमी केलेलं नाही. शेजारच्या काकींच्या पायरीवर बसले नसते तर वरच्या वाडीतलं कुणी आजारी आहे हे मला कळलं नसतं. मे महिन्यात रातांबे फोडायला चार जणी आल्याही नसत्या.

दोन गोष्टी मात्र करते. गजालीला जाताना हातात काम नेते: लसूण सोलणं, चिंच साफ करणं, फणसाच्या आठळ्या सोलणं. आणि बसतानाच उठायची वेळ सांगते. काकी म्हणतात, "गो, खंय चललंस? वायच बस मगे." मी म्हणते, "पाचाक नळ येतलो, तवसर बसतंय." मग पाचला उठलं तर कुणाला तुटक वाटत नाही. उलट काकीच सांगतात, जा गो, नळ येतलो.

घरातला वेळ कुणाचा

हे मला जोर देऊन सांगायचं आहे. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि तसं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. घरातल्या एकाच माणसाचा वेळ बाकी सगळे मिळून खर्च करत असतील तर नुसत्या वहीने काही होणार नाही. सात दिवसांची नोंद झाल्यावर ती जेवायच्या वेळी सगळ्यांसमोर वाचा. तक्रारीच्या सुरात नको, नुसती वाचा. आमच्या ह्यांना त्या पानावर दिसलं की त्यांच्या चहासाठी मी सकाळी चार वेळा कामावरून उठते. दुसऱ्या दिवसापासून दहाचा चहा ते स्वतः करतात, माझाही. पाणी भरणं मोठ्या मुलाकडे गेलं, दारामागचा कागद धाकटीकडे. काम वाटून दिलं की त्यात पुन्हा हात घालायचा नाही. हंडा थोडा कमी भरला तर भरू दे.

पावसाळ्याचं वेगळं

कोकण रेल्वे पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करते आणि वेगळं वेळापत्रक लावते. घराचंही तसंच ठेवा. मृगापासून पुढे वीज कधी जाईल सांगता येत नाही, कपडे वाळत नाहीत, एसटी उशिरा येते, लावणीला सगळी माणसं शेतात असतात. उन्हाळ्याची यादी तेव्हा पुरी करायला गेलात तर रोज हरल्यासारखं वाटतं. त्या चार महिन्यांत मी दिवसाला तीनच कामं लिहिते, आणि वीज असताना करायची ती आधी: मिक्सर, इस्त्री, पॅकिंगचं मशीन, फोन चार्ज करणं. आंब्याच्या दिवसांतही, मार्च ते मे, अर्जबिर्ज काढायचेच नाहीत. ते सगळं दिवाळी आणि मोहोर यांच्या मधल्या शांत दिवसांत उरकायचं.

एखादा दिवस पाहुण्यांनी, तापाने, वादळाने पूर्ण मोडतो. तेव्हा राहिलेली सगळी कामं दुसऱ्या दिवशी ढकलू नका, दोन दिवस मोडतील. त्यातलं एक निवडा आणि बाकीच्यांना पुढच्या आठवड्यातला खुंटा द्या.

सात दिवसांची नोंद वर्षातून एकदा पुन्हा करा. मी तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात करते. गेल्या वेळी "फे" खूप उतरलं होतं, पण "वा" तेवढंच होतं. बघितलं तर मुलांच्या शिकवणीबाहेर रोज पाऊण तास मी नुसती उभी असायची. आता पिशवीत पावत्या आणि छोटी वही असते. आठवड्याचा हिशोब तिथेच, गाडीच्या सीटवर वही टेकवून होतो, आणि शनिवारची घटका मोकळी राहते.